घडीचा माग उघडला की ताण्याची एक कड सैल का पडते?

लक्षण असे असते. टेबलावरचा, मिटता येणारा विणायचा माग जोडला, ताणा (कापडातले उभे धागे) चढवला, पहिले वीतभर कापड छान उतरले. रात्री अंथरुणे घालायची म्हणून माग मिटून कपाटाच्या कडेला उभा केला. दोन दिवसांनी उघडला तर एका कडेचे दोन बोटे रुंदीचे धागे लोंबताहेत आणि मधले मात्र ताठ. दातेरी चाक आणखी एकदोन दाते पुढे घेतले की मधले धागे तुटायला येतात, सैल होते ते सैलच राहतात. मग पुढच्या सळईवरच्या गाठी सोडायच्या, सैल पुंजका ओढून पुन्हा बांधायचा आणि विणायला बसायचे. पुढच्या खेपेला माग उघडला की पुन्हा तेच.

माझ्याकडे विणकाम शिकलेल्यांपैकी ज्यांनी घरी घडीचा माग घेतला, त्यांचा हा ठरलेला प्रश्न. "ताई, सूतच खराब आलंय का?" असे विचारतात. सूत बहुधा निर्दोष असते. बिघाड सांगाड्यात असतो, नाहीतर मागच्या रुळावर गुंडाळलेल्या थरांत. माग मिटला-उघडला की तोच बिघाड नव्याने वर येतो, त्यामुळे पुढच्या गाठी कितीदाही बांधल्या तरी उपयोग होत नाही. तपासणी खालून वर करायची: टेबल, सांगाडा, रूळ, मग ताण्याचे थर, आणि गाठी सगळ्यात शेवटी.

इथे मी वर लिव्हर असलेला, चार शाफ्टचा, सुमारे 60 सेंटिमीटर रुंद विणता येईल असा माग धरून लिहिते आहे. आठ शाफ्टच्या मागालाही हेच लागू. वही म्हणजे मध्ये डोळा असलेला दोऱ्याचा फास, आणि शाफ्ट म्हणजे ज्यावर वही ओवलेली असते ती चौकट. वहीच्या डोळ्यातून ताण्याचा एकेक धागा जातो, तिथून पुढे फणीच्या घरातून. फणी बसते बीटरमध्ये, म्हणजे बाणा (आडवा धागा) ठोकून बसवणाऱ्या चौकटीत. मागे ताण्याचा रूळ, पुढे कापडाचा रूळ, दोन्हींना दातेरी चाक आणि ते मागे फिरू न देणारी खिट्टी. मुंबईत लालबाग-परळच्या ज्या घरांत कोणी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते, तिथे हे सगळे समजवावे लागत नाही.

आधी कोणते दुखणे आहे ते ओळखा

तीन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळतात आणि तिघांवर एकच उपाय केला जातो. म्हणून बोल्टला हात लावण्याआधी पाच मिनिटे नुसते बघा.

कड सैल आहे, पण कापडात बाणा ताण्याला काटकोनात बसतो आहे. असे असेल तर दोन रूळ एकमेकांना समांतर नाहीत, किंवा रुळावरचे थर घसरले आहेत.

ताण सगळीकडे सारखा आहे, पण कापड तिरके उतरते, रुमालाचा चौकोन केला तर तो कलंडलेला दिसतो. इथे सांगाडा आडव्यात कलला आहे. रूळ समांतरच राहिले, मात्र पुढचा रूळ मागच्याच्या तुलनेत बाजूला सरकला. सगळे धागे सारख्याच लांबीचे राहतात म्हणून हाताला काही कळत नाही, फणी मात्र धाग्यांना काटकोनात राहत नाही.

लिव्हर दाबला की धोट्याची वाट, म्हणजे बाण्याचा धोटा जायला धाग्यांत पडणारी फट, उजवीकडे मोकळी उघडते आणि डावीकडे धागे अडखळतात. हा सांगाड्यातला पीळ. चार पायांपैकी एक अधांतरी आहे.

तिन्ही एकदम असू शकतात. पण पहिल्याचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, हे लक्षात राहिले की निम्मा त्रास वाचतो.

टेबल

आपल्याकडे माग ठेवला जातो तो बहुतेक घडीच्या जेवणाच्या टेबलावर किंवा आत घेतलेल्या बाल्कनीत. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जावे म्हणून मुळातच उतार दिलेला असतो. खिडक्या लावून ती खोलीत घेतली तरी उतार तसाच राहतो. नुसत्या उताराने मागाचे काही बिघडत नाही. पृष्ठभाग सपाट असला आणि सगळा मिळून एका बाजूला कलला असला तरी माग बिनतक्रार चालतो. बिघडते ते टेबलाची फळी वाकलेली असेल तेव्हा. प्लायच्या फळीवर वर्षानुवर्षे गरम कुकर ठेवला की ती मध्ये फुगते, माग तीन पायांवर उभा राहतो, आणि ताणा ताठ केला की चौथा पाय खाली ओढला जाऊन सगळा सांगाडा पिळवटतो.

परीक्षा सोपी आहे. ताणा सैल करा, माग टेबलावर ठेवा आणि चारही पायांखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे ती सहज आत जाते तो पाय अधांतरी आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी नेमकी बसेल तेवढीच घालायची, ठोकून बसवायची नाही. मग टेबल न बदलता माग नेहमी त्याच जागी, त्याच दिशेने ठेवायचा. टेबलावर पायांच्या जागी पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

सांगाडा गुण्यात (काटकोनात) आणणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असे माझे ठाम मत आहे, आणि इथेच सगळे घाई करतात. खोक्यातून माग निघाला की पत्रकातल्या चित्राप्रमाणे एकेक बोल्ट पक्का आवळत पुढे जायचे, ही सवय फर्निचर जोडताना चालून जाते, मागाला चालत नाही. पहिला कोपरा पक्का आवळला की त्यातला फरक पुढच्या तिन्ही कोपऱ्यांत जातो.

सगळे बोल्ट आधी फक्त बोटांनी फिरतील तेवढेच लावा. बऱ्याच मागांत लाकडाच्या आडव्या भोकात एक छोटा दंडगोल नट बसतो आणि बोल्ट त्यात काटकोनात येऊन घुसतो. त्या नटाच्या तोंडावर खाच असते. ती खाच बोल्टच्या दिशेने वळवलेली हवी, नाहीतर बोल्ट आत जाऊनही आटे पकडत नाही आणि माणूस समजतो की भोकच चुकीचे पाडले आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नट धरून हळूच फिरवला की बोल्ट लगेच पकडतो.

आता कर्ण मोजा. सांगाड्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. मेजरिंग टेप दोन टोकांना दोन हातांनी धरताना हमखास दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे होते, म्हणून मी न ताणणारा जाड सुती दोरा वापरते. एका कर्णावर दोऱ्याला गाठ मारायची आणि तोच दोरा दुसऱ्या कर्णावर धरायचा. आकडा वाचायचीही गरज नाही. तरी अंदाज म्हणून सांगते: सांगाडा 70 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल असेल तर गुण्यात असताना दोन्ही कर्ण सुमारे 92.2 सेंटिमीटर येतात. पुढची पट्टी 4 मिलिमीटर बाजूला सरकली तर दोन कर्णांत 6 मिलिमीटरचा फरक दिसतो, आणि 50 सेंटिमीटर रुंदीच्या कापडात बाणा एका टोकाला 3 मिलिमीटरहून जास्त तिरका बसतो. चौकडीच्या टॉवेलात तेवढे डोळ्यांना खुपते. कर्णांत 2 मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देते.

लांब पडणाऱ्या कर्णाचे दोन कोपरे दोन हातांनी एकमेकांकडे दाबा, पुन्हा दोरा लावा. जुळले की मग बोल्ट आवळा, पण समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने. शेवटच्या आवळणीनंतर दोरा पुन्हा एकदा लावायचा, कारण आवळतानाही सांगाडा सरकतो.

मधल्या उभ्या भागाचे, म्हणजे ज्यात शाफ्ट वर-खाली होतात त्या कमानीचे कर्णही असेच बघा. सुताराचा गुण्या घरात असेल तर कमानीचा खांब आणि खालची पट्टी यांच्या कोनात धरा. ही कमान कलली असेल तर शाफ्ट खाचेत एका बाजूने घासतात, लिव्हर जड लागतो आणि दोष दोऱ्यांना दिला जातो.

घडीच्या मागाची खास कमजोरी म्हणजे घडीचा सांधा. ज्या बोल्टवर सांगाडा दुमडतो त्याचे भोक वापराने लंबगोल होत जाते. माग उघडून दोन्ही बाजूंचे खांब धरून पुढे-मागे हलवा. एका बाजूला खुळखुळ जाणवली तर रूळ समांतर नसण्याचे मूळ तिथेच आहे: त्या बाजूला ताण आला की सांगाडा दोन-तीन मिलिमीटर आत येतो आणि त्या कडेचे धागे सैल पडतात. दर वेळी तीच कड सैल होते का, हे आठवून बघा. नेहमी डावीच असेल तर डावा सांधा आधी तपासायचा. उपाय साधा आहे. सांध्याच्या दोन्ही अंगांना मोठ्या व्यासाचे वॉशर घाला आणि साध्या नटाऐवजी आतून नायलॉनचे कडे असलेला नायलॉक नट लावा. तो मिटण्या-उघडण्याने स्वतःहून सैल होत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हे सुटे मिळते. जुना बोल्ट नमुन्याला सोबत न्या, कारण बऱ्याच परदेशी मागांचे बोल्ट मिलिमीटरच्या मापात असतात आणि आपल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे पुष्कळदा सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) मापातलेच असतात. भोक फारच मोठे झाले असेल तर सुताराकडून त्यात पितळी बुश (नळीसारखे अस्तर) बसवून घ्यावे.

रूळ समांतर आहेत का

कर्ण जुळले तरी ताणा बांधायच्या सळया समांतर असतीलच असे नाही. सळई रुळाला दोऱ्यांनी किंवा कापडी पट्टीने जोडलेली असते. दोऱ्या असतील तर एखादीची गाठ घसरते. सळई ताणून धरा आणि तिचे अंतर मागच्या पट्टीपासून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा. फरक दिसला तर सगळ्या दोऱ्या काढून एकाच लांबीच्या नव्या लावा. एकच दोरी बदलली तर नवी आणि जुनी वेगवेगळी ताणली जातात.

खिट्टी दात्यात पूर्ण बसते का तेही याच वेळी बघून घ्या. रूळ आडवा सरकला की खिट्टी दात्याच्या नुसत्या कडेवर टेकते आणि ठोका बसला की सुटते. मात्र त्याने सगळा ताणा सैल होतो, एक कड नव्हे.

रुळावरचे थर: खरी गोम इथे

सांगाडा नीट असूनही कड सैल पडत असेल, तर दहापैकी नऊ वेळा कारण मागच्या रुळावर सापडते.

ताणा रुळावर गुंडाळताना प्रत्येक वेढ्यामध्ये कागद किंवा पट्ट्या घालतात, कारण खालच्या थराच्या धाग्यांत वरचा थर रुतला तर त्याची लांबी बदलते. कागद ताण्यापेक्षा अरुंद असेल, किंवा गुंडाळताना एका बाजूला सरकत गेला असेल, तर कडेच्या धाग्यांना खाली आधार उरत नाही. ताण आहे तोवर ते कसेबसे वर टिकतात. माग मिटताना ताण सुटतो आणि ते थरावरून खाली घसरतात. आधी मोठ्या घेराचा वेढा होता, तो आता लहान घेरावर बसला. उरलेली लांबी जाणार कुठे? ती पुढे लोंबते.

हिशेब करून बघा. घसरण फक्त 2 मिलिमीटर खोल असली तरी एका पूर्ण वेढ्याला घेर साडेबारा मिलिमीटरने कमी होतो. असे दोन वेढे घसरले की कडेला अडीच सेंटिमीटरचा झोळ पडला. पुढच्या गाठीतून तुम्ही तो ओढून घेता, पण रुळावर अजून न घसरलेले वेढे शिल्लकच असतात, ते पुढच्या घडीला घसरतात. एकदा दुरुस्त केलेले दुखणे परत परत का येते, त्याचे हे कारण.

याच्या उलटही घडते. गुंडाळत असतानाच कडेचे धागे खाली पडत गेले असतील तर त्या वेढ्यांत मुळातच कमी लांबी गेली. विणताना रूळ सुटत जातो तसे ते मधल्यांपेक्षा जास्त जास्त ताठ होत जातात आणि शेवटी कडेला तुटतात. म्हणून कड सैल पडते आहे की ताठ होते आहे, हे नोंदवून ठेवा. सैल म्हणजे नंतर घसरले, ताठ म्हणजे चढवतानाच चुकले.

उपाय एकच: ताणा पुन्हा चढवायचा. ऐकून जीवावर येते, पण धागे वहीतून काढावे लागत नाहीत. विणलेले कापड कापू नका. फुलीच्या दोन्ही काड्या (एकाआड एक धागा वर-खाली धरणाऱ्या) शाफ्टच्या मागे घालून एकमेकींना बांधून टाका, म्हणजे धाग्यांचा क्रम हलणार नाही. कापडाच्या रुळाची खिट्टी सोडून कापड पूर्ण उलगडा, पुढची सळई रुळापासून सोडवा. मग ताणा वहीफणीतून पुढे ओढत मागचा रूळ रिकामा करत जायचे, आणि पुढून ताण देत पुन्हा मागे गुंडाळायचा. ओढताना फुलीच्या काड्या मागे सरकवत राहायच्या.

कागद ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंना किमान 3 सेंटिमीटर रुंद हवा. जाड खाकी कागद उत्तम. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानेही चालतात, फक्त त्यांचा दोरा आणि पत्र्याची पट्टी काढून टाका. वर्तमानपत्र वापरू नका: ते मऊ असल्याने धागे त्यात रुततात आणि शाई पांढऱ्या सुताला लागते. बांबूच्या चिकाच्या (पडद्याच्या) पट्ट्या सुट्या करून घातल्या तर सर्वांत चांगले, पण त्यांच्या कुसळांवरून आधी पॉलिश पेपर फिरवा.

आता ताण. ताणा चढवताना दोन माणसे लागतात असे सगळीकडे सांगतात, आणि आपल्या घरांत दुसरे माणूस नेमके तेव्हा लोकलमध्ये असते. एकटीने करायचे असेल तर ताण्याचे सारखे भाग करून प्रत्येकाला सारखे पाणी भरलेली लिटरची बाटली टांगा. समजा 40 सेंटिमीटर रुंद ताणा, इंचाला 20 धागे, म्हणजे साधारण 320 धागे. त्यांचे 40-40 चे आठ भाग होतात. प्रत्येकाला एक बाटली, म्हणजे साधारण एक किलो. माग टेबलाच्या काठाशी ठेवला की बाटल्या पुढच्या पट्टीवरून खाली लोंबतात. रूळ फिरवत जायचा, बाटल्या वर आल्या की गाठ सोडून पुन्हा खाली घ्यायच्या. वजन मोजून टांगलेले असल्याने हाताच्या ओढीतला फरक उरत नाही. चाळीत राहणाऱ्यांना एक सोय जास्त आहे: दुपारी गॅलरी रिकामी असते, तीन-चार मीटर ताणा सरळ पसरून ठेवता येतो.

ताणा रुळावर मधोमध बसला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. तरी रुळाचा मध्य, फणीचा मध्य आणि सळयांचे मध्य यांवर पेनाने कायमच्या खुणा करून टाका. ताणा दीड सेंटिमीटर जरी एका अंगाला गेला तरी त्या अंगाचे सांधे जास्त ओढले जातात.

मिटताना आणि उघडताना

घडीच्या मागाच्या जाहिरातीत ताणा चढवलेलाच माग मिटता येतो असे लिहिलेले असते. ते खरे आहे, पण कसे मिटायचे ते नीट कोणी सांगत नाही.

मिटण्याआधी सगळे शाफ्ट खाली आणा. फुलीच्या काड्या ताण्यात ठेवून दोन्ही टोकांना बांधा. बीटर मधल्या कमानीला सुती पट्टीने बांधून टाका, नाहीतर उचलताना तो झोका खातो आणि फणीचे पाते वाकते. पुढची खिट्टी सोडून ताण एक-दोन दात्यांनी कमी करा, मग सांगाडा दुमडा. दुमडल्यावर जो झोळ उरेल तो लगेच मागच्या रुळावर हलक्या हाताने गुंडाळून खिट्टी लावा. रुळावरच्या थरांवर साडीच्या फॉलइतकी रुंद पट्टी घट्ट गुंडाळून पिना लावा, कडांवर विशेषकरून. थर मोकळे राहिले नाहीत तर घसरत नाहीत. मग सगळ्यावर जुनी चादर.

माग उभा करून ठेवायचा असेल तर रूळ आडवे राहतील असाच ठेवा. तो एका बाजूवर उभा केला की रूळ उभा होतो आणि सगळ्या थरांना खालच्या कडेकडे घसरायची वाट मिळते. कपाटामागच्या अरुंद फटीत नेमका असाच ठेवला जातो. जागा नसेल तर दिवाणाखाली आडवा सरकवलेला बरा.

उघडल्यावर लगेच चाक फिरवू नका. आधी दोरा लावून कर्ण बघा. मग पट्टी सोडा, पुढून ताण्याचे तीन-चार भाग हातात धरून एकेक भाग आपल्याकडे ठाम ओढा, आणि ओढ धरूनच मागचा रूळ पाऊण वेढा मागे गुंडाळा. त्यानंतर खिट्टी. एवढ्यानेच बऱ्याच जणींची तक्रार संपली आहे.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर राहतो. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत आणि जाडीत मात्र फुगते. बीचचे लाकूड जास्त, सागवान बरेच कमी. शाफ्ट खाचेत अडकायला लागले की पॉलिश पेपर घेऊन बसू नका. पावसात घासलेली खाच जानेवारीत ढिली होते. खाचेत पांढरी मेणबत्ती घासा, पुरते. तेल लावायचे नाही: ते सुताला डाग पाडते आणि धूळ धरून चिकट होते.

बोल्टचेही तेच. फुगलेले लाकूड आवळलेल्या बोल्टखाली दाबले जाते, आणि हिवाळ्यात आकसले की तोच बोल्ट सैल निघतो. म्हणून गणपती झाल्यावर एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी एकदा सगळे बोल्ट व कर्ण तपासावेत.

लिव्हरपासून शाफ्टपर्यंतच्या दोऱ्या नायलॉनच्या असतील तर बदला. नायलॉन ओलावा शोषून लांबते. पॉलिएस्टर जवळपास शोषत नाही, म्हणून वही आणि दोऱ्या दोन्हींना तेच घ्यावे.

सुती धागा दमट हवेत जास्त मजबूत होतो, म्हणून गिरण्यांच्या साचेखात्यात मुद्दाम हवा ओलसर ठेवत. रेशीम, लोकर आणि व्हिस्कोसचे उलटे. व्हिस्कोस तर ओले झाले की निम्म्याच्या आसपास ताकद गमावते. पण पीळ दिलेला सुती धागा ओलाव्याने फुगताना आखडतोही. रात्रभर ताठ ठेवलेला ताणा पावसात आणखी ओढला जातो, सांधे ताणतो, आणि एसी लावून हवा कोरडी झाली की पुन्हा ढिला पडतो. त्यासाठी विणून उठताना ताण नेहमी उतरवून ठेवायचा, माग मिटायचा नसला तरी. पेजेची किंवा मैद्याची खळ दिलेला ताणा पावसाळ्यात चढवून ठेवू नये, त्याला बुरशी धरते.

आता गाठी

वरचे सगळे झाल्यावर गाठी. साधारण एका इंचाचा पुंजका, दोन भाग करून सळईवरून खाली घेऊन वर अर्धी गाठ. मधला आधी, मग डावे टोक, उजवे टोक, आणि नंतर उरलेले आळीपाळीने. पहिल्या फेरीत फक्त अर्ध्या गाठी, दुसऱ्या फेरीत ओढून घ्यायच्या आणि मग सुरगाठ. डोळे मिटून तळहात ताण्यावरून आडवा फिरवा. डोळ्यांपेक्षा तळव्याला फरक लवकर कळतो. एखादा भाग ढिला लागला तर तो ओढण्याआधी शेजारचे जास्त ताठ तर नाहीत ना हे बघा, नाहीतर सगळाच ताणा हळूहळू गरजेपेक्षा ताठ होत जातो. टेबलावरचा हलका माग तेवढा ताण सोसत नाही, सांगाडाच वाकतो.

वाट साफ उघडत नसेल

पाय टेकलेले आहेत, कमान गुण्यात आहे, तरी धोटा अडखळतो. शाफ्ट खाली असताना कमानीच्या वरच्या पट्टीपासून प्रत्येक शाफ्टच्या वहीच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजा. सगळी सारखी हवीत. एखादा शाफ्ट इतरांपेक्षा खाली असेल तर त्याची दोरी आखूड करा, सगळ्या लिव्हरच्या गाठी मात्र एकाच पद्धतीच्या असू द्या. मग एकेक लिव्हर दाबून बाजूने डोळा वाटेच्या पातळीत आणून आरपार बघा. मध्येच लोंबणारा धागा दिसला तर तो वहीच्या डोळ्यातून न जाता दोन वह्यांच्या मधून गेला आहे, किंवा वही आणि फणीच्या मध्ये शेजारच्यावर चढला आहे. तो एकच धागा पुढून सोडून नीट ओवायचा. सगळा पुंजका सोडू नका.

बीटर

बीटर पुढच्या पट्टीपर्यंत आणा आणि दोन्ही टोकांना उरलेली फट बघा. एकीकडे आधी टेकत असेल तर त्याच्या खिळीच्या स्क्रूची उंची दोन्हीकडे सारखी करा. फट सारखी असूनही बाणा तिरका बसत असेल तर बीटर नेहमी मधोमध धरून ओढा. उजव्या हाताने उजवे टोक धरायची सवय लागते आणि उजवीकडे बाणा दाट बसत जातो.

इतके करूनही कड सैल पडत असेल

मग रूळच वाकलेला असण्याची शक्यता धरा. ताणा पूर्ण काढून रूळ जागेवरच हळूहळू फिरवा आणि त्याच्या मागे एक सरळ पट्टी धरून फट बघत राहा. फट एकदा वाढते आणि एकदा कमी होते असे दिसले तर रूळ मध्ये वाकला आहे. ठोकून किंवा वजन ठेवून तो सरळ होत नाही, नवा करून घ्यावा लागतो. लाकूड मुरलेले हवे. जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा निघालेले सागवान लाकडाच्या वखारींत मिळते. कित्येक दशके याच हवेत राहिलेले असल्याने ते नव्या लाकडाइतके हलत नाही. खरादीकडे (लाकूड कातणाऱ्याकडे) जुना रूळ, दोन्ही टोकांच्या खिळी आणि दातेरी चाक सोबत घेऊन जा, आणि रुळाचा व्यास बदलू नका, म्हणजे चाक आणि खिट्टी त्याच जागी बसतील. हातात घेतल्यावर काचेच्या टेबलावर एकदा लोळवून बघा, आणि काच आणि रूळ यांच्यामध्ये उजेड दिसला तर तिथेच परत द्या.